कान नाही, अंगठा: एटीव्ही चालवणाऱ्यांच्या बोलीमागचा इतिहास

गोव्यात ‘पायलट’ म्हटलं की कुणाला विमान आठवत नाही. पिवळ्या मडगार्डची काळी मोटरसायकल डोळ्यांपुढे येते, आणि भाडं मारणारा तो माणूसही पायलटच. हा शब्द इथेच रुजला. जाड टायरांच्या, चार चाकांच्या ‘एटीव्ही बाईक’ (एटीव्ही म्हणजे ऑल टेरेन व्हेइकल, कुठल्याही जमिनीवर चालणारी गाडी) मात्र पर्यटनाबरोबर बाहेरून आल्या आणि त्यांची बोलीही तयारच आली. ती बोली कुठे घडली हे समजून घ्यायला हवं, कारण तिच्यातल्या बऱ्याच शब्दांमागे अपघात आहेत.

सुरुवात विक्रीच्या अडचणीतून झाली. हिवाळ्यात मोटरसायकली खपत नाहीत, तेव्हा बर्फातही विकता येईल असं काहीतरी द्या, अशी होंडाच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यांची मागणी होती. ओसामू ताकेउची या अभियंत्याने वेगवेगळ्या संख्येची चाकं लावून पाहिली आणि तीन चाकांवर थांबला. फुग्यासारखे, अगदी कमी हवेचे टायर आणि ८९ सीसीचं इंजिन असलेली ही गाडी १९७० मध्ये ‘यूएस९०’ या नावाने बाजारात आली. पुढे तिचं नाव ‘एटीसी९०’ झालं. एटीसी म्हणजे ऑल टेरेन सायकल. ती अक्षरं होंडाच्या मालकीची असल्यामुळे बाकीच्यांना वेगळं नाव लागलं, आणि ‘एटीव्ही’ हाच सगळ्यांचा शब्द झाला.

‘थ्री-व्हीलर’ म्हटलं की आपल्याला रिक्षा दिसते. जुन्या अमेरिकी चालकांना आठवते ती हीच तीनचाकी, आणि तिने मोडलेली हाडं. या गाड्यांचा मागचा आस सहसा अखंड असतो. दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे नुसतं हँडल वळवून गाडी नीट वळत नाही. अंगाचा भार हलवावा लागतो. त्यात पुढे एकच चाक. ज्याला हे तंत्र शिकवलंच नाही तो उलटणार, आणि उलटणाऱ्यांत मुलं फार होती. सुझुकीने १९८२ मध्ये चार चाकांची ‘क्वाडरनर एलटी१२५’ आणली आणि पुढे ‘क्वाड’ हा शब्द जगभर गेला. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्या पिढीला तो ओळखीचा वाटेल. त्या भाषेत चार म्हणजे ‘क्वात्रु’. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाशी झालेल्या न्यायालयीन समझोत्यानुसार पाच कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. चालवण्याचं प्रशिक्षण आणि वयाच्या अटीही त्याच समझोत्याने आल्या.

काही शब्द आपल्याला शिकवावे लागत नाहीत. एका सिलिंडरच्या फोरस्ट्रोक इंजिनाला एटीव्हीवाले ‘थम्पर’ म्हणतात. बुलेटची धडधड ऐकत वाढलेल्याला त्याचा अर्थ कानानेच कळतो. टूस्ट्रोक गाडी ठरावीक वेगाला पोचली की एकदम उसळते, तो ‘पॉवरबँड’. यामाहाची ‘बॅन्शी’ त्यासाठी नावाजलेली, आणि ज्याने आरएक्स१०० चालवली आहे त्याला ती उसळी ठाऊक आहे. मागच्या चाकांनी उडवलेल्या मातीला ‘रूस्ट’ म्हणतात. पावसाळ्यात आमच्या तांबड्या चिखलात तो शब्द शर्टावर उमटतो. गाडी ‘बॉग’ झाली याला मात्र आपला ‘रुतली’ हाच शब्द सरस. तो उच्चारतानाच चाक खाली जातं.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो ‘थंब थ्रॉटल’. आपण मराठीत गाडीचा कान पिळतो. एटीव्हीला पिळायला कान नसतो. उजव्या मुठीखाली एक छोटी पट्टी असते, ती अंगठ्याने दाबायची. खडकाळ वाटेवर धक्का बसून अंग मागे गेलं, तर पिळायची मूठ आपोआप आणखी पिळली जाते आणि गाडी आणखी उधळते. मोटरसायकलवाले याला ‘व्हिस्की थ्रॉटल’ म्हणतात. अंगठ्याच्या पट्टीने तो धोका बराच कमी होतो. भाड्याच्या स्कूटरवरून उतरून थेट एटीव्हीवर बसणाऱ्याची मूठ पहिली पाच मिनिटं पिळतच राहते. माझीही राहिली होती, आणि चढावर मी मध्येच थांबलो होतो.

हे फुगीर टायर वाळूवर छान चालतात म्हणून ती गाडी किनाऱ्यावर न्यावी, असं पर्यटकांना हमखास वाटतं. गोव्यात किनाऱ्यावर वाहन चालवायला बंदी आहे, आणि मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं वाळूतच अंडी घालतात. त्यामुळे एटीव्हीची जागा खाजगी जमिनीवरचा आखलेला ट्रॅक. बहुतेक एटीव्ही रस्त्यासाठी नोंदलेल्याही नसतात.

आणि एक आपला शब्द, जो या बोलीत बसत नाही: ‘डबलसीट’. एटीव्हीची सीट लांब दिसते, म्हणून मागे कुणीतरी बसतंच. ती लांबी दुसऱ्या माणसासाठी नाही. वळणावर, चढावर, उतारावर चालकाला पुढेमागे सरकता यावं म्हणून आहे. दोघांसाठी बनवलेल्या गाडीला तिकडे ‘टू-अप’ म्हणतात. तिची चाकंच एकमेकांपासून लांब बसवलेली असतात, आणि मागच्याला बसायला वेगळी जागा असते.