चुकणारा ठोका आणि टेलिफोनची तार

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या आपल्या घरांमधली वडीलधारी माणसं “जरा धडधडतंय” म्हणतात आणि घोटभर पाणी पिऊन पडून राहतात. दुसऱ्या दिवशी ईसीजी काढावा तर तो अगदी नीट येतो. एट्रियल फिब्रिलेशनची मेख इथेच आहे. यात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. तिथे साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूकडे गेली की पक्षाघात. अमेरिकेतल्या फ्रामिंगहॅम पाहणीतून १९९१ साली हा धोका जवळपास पाचपट असल्याचं दिसलं. पण थरथर येते नि जाते, आणि नेमकं तेव्हा यंत्र जवळ नसतं.

विलेम आइन्थोव्हेन यांचं ईसीजी यंत्र तर जवळ असणं शक्यच नव्हतं. विसाव्या शतकाच्या आरंभी नेदरलँड्समधल्या लायडन इथे त्यांनी उभारलेलं ते धूड सुमारे २७० किलोंचं होतं. चालवायला पाच माणसं लागत आणि रोगी हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसे. ते इस्पितळात नेता येईना, म्हणून १९०५च्या सुमारास त्यांनी रोग्याला इस्पितळातच ठेवलं आणि त्याच्या हृदयाचे विद्युत्‌संकेत टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत आणले. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. फोन आणि हृदय यांची गाठ तेव्हाच पडली होती! १९०९ मध्ये लंडनच्या टॉमस लुइस यांनी अशा आलेखांवरूनच दाखवलं की, माणसाची नाडी पार बेताल होते तेव्हा मागे ही थरथर असते.

पुढे अमेरिकेत नॉर्मन हॉल्टर यांनी यंत्र माणसाच्या पाठीवर चढवलं, तेही ३८ किलोंचं. ते हळूहळू लहान होत खिशात मावलं आणि दिवसभराचे ठोके नोंदवता येऊ लागले.

डेव्हिड अल्बर्ट यांच्या अलाइव्हकोर कंपनीच्या ईसीजी काढणाऱ्या पट्टीला अमेरिकेत २०१२च्या अखेरीस मान्यता मिळाली. दोन्ही हातांची बोटं तिच्यावर अर्धा मिनिट टेकवायची. पट्टी हृदयाचे संकेत कानांना ऐकू न येणाऱ्या आवाजात बदलते आणि मोबाइलचा माइक तो टिपतो. आलेख एकाच बाजूचा असतो, इस्पितळातल्यासारखा बारा बाजूंचा नाही. त्यामुळे हार्ट अटॅक आहे की नाही हे त्यावरून ठरवू नये.

आपल्या शेजारच्या आणंद जिल्ह्यात हीच पट्टी गावोगाव फिरली. करमसदच्या चारुतर आरोग्य मंडळाने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांसोबत हे काम केलं. सहा गावांतल्या पहिल्या छोट्या पाहणीत शंभरात पाच जणांमध्ये हा विकार दिसला. पुढे पन्नास गावांतल्या चाळिशीपुढच्या लोकांची मोठी पाहणी झाली, तेव्हा प्रमाण १.६ टक्के निघालं. मी हा दुसरा आकडा धरेन.

सरसकट तपासणीचा फायदा किती, यावर मात्र अजून वाद आहे. २०२१ मध्ये स्वीडनमधल्या प्रयोगात थोडा लाभ दिसला. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये त्वचेखाली यंत्र बसवून विकार तिप्पट सापडला, पण पक्षाघात म्हणावे तसे घटले नाहीत. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. संधिवाताच्या तापामुळे झडप अरुंद झालेल्या रोग्यांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आजही वॉरफरिन हेच औषध द्यावं लागतं, आणि त्या गोळीचा डोस ठरवायला वारंवार रक्त तपासावं लागतं. म्हणजे दर वेळी एक दिवसाची मजुरी बुडवून आणंद किंवा बडोदं गाठायचं.