मुंबईवरची जुनी पुस्तके आणि सीमाभाग : पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचकाला मुंबईवरची जुनी पुस्तके परकी वाटत नाहीत, याचे कारण साधे आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला. त्याआधी सव्वाशे वर्षांहून जास्त काळ इथली राजधानी मुंबईच होती. अपील तिथल्याच हायकोर्टात चालायचे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 चे, म्हणजे मुंबईवरचे पहिले मोठे मराठी पुस्तक छापले जाण्याच्या पंधरा वर्षे आधीचे.

ते पुस्तक म्हणजे गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' (1863). माडगावकर मूळचे गोव्याचे. त्यांनी लिहिले तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि कोटाचा, म्हणजे मुंबईच्या फोर्टचा, तट पाडायचे ठरले होते. रेल्वे 1853 पासून बोरीबंदरहून सुटत होती, पण आज डोळ्यांसमोर येते ते दगडी स्टेशन नव्हते. ते 1888 मध्ये पुरे झाले. राजाबाई टॉवर 1878 चा. स्टेशन पुरे झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, 1889 मध्ये, आचार्य आणि शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' आला. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. मधल्या सव्वीस वर्षांत तट गेला आणि त्या मोकळ्या जागेभोवती गॉथिक मुंबई उभी राहिली.

म्हणून आधी साल बघायचे. मुखपृष्ठ गेले असेल तर आतल्या पानावर शक असतो. त्यात 78 मिळवले की इसवी सन येतो, पौषाचा उत्तरार्ध ते फाल्गुन असेल तर 79. पुनर्मुद्रणात जास्त घोटाळा होतो. 'सध्या' हा शब्द मूळ लेखकाचा की तळटीप लिहिणाऱ्या संपादकाचा, हे न पाहता उतरवून घेतले की शंभर वर्षांचा फरक पडतो. मापांचेही तसेच. मुंबईचा मण 28 पौंडांचा, बंगालचा 82 पौंडांहून थोडा जास्त. नुसता 'मण' वाचून हिशेब केला तर आकडा तिपटीने चुकतो.

सरकारी गॅझेटिअरमध्ये, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेल्या जिल्हावार माहितीच्या ग्रंथमालेत, बेळगावचा एकविसावा खंड 1884 चा. मुंबई शहराची साधने सव्विसाव्या खंडात, तीन भागांत, 1893-94 मध्ये निघाली; म्हणजे राजधानीच्या आधी बेळगावची नोंद झाली होती! मुंबई शहराचे स्वतंत्र तीन खंड एस. एम. एडवर्ड्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1909-10 मध्ये काढले. कर, पाणी, बंदर, वस्ती यांचे आकडे तिथे बघावेत. बाजार, देवळे आणि सणवारांची मुंबई मात्र माडगावकरांकडेच भेटते.

अशा पुस्तकांत सगळ्यात आधी हातचा जातो तो घडीचा नकाशा. बेळगावच्या पावसाळ्यात कागद दमट होतो, घडीवरच फाटतो, कसर लागते. चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद पिवळा पडून अक्षरे खातो. फाटायला आलेला नकाशा सुटा करून सपाट ठेवावा, त्याच्या पाठीवर पेन्सिलीने पुस्तकाचे नाव, आवृत्ती आणि पान लिहावे आणि पुस्तकात त्या जागी चिठ्ठी घालावी. नाहीतर चार पावसाळ्यांनी तो कुठल्या खंडातला, हे कोणालाच सांगता येत नाही.