तांब्याचा पेला आणि सोलकढी

घरच्या मेजवानीत सोलकढी तांब्याच्या पेल्यात वाढली की ती अधिक गुणकारी होते, असा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. तांब्याच्या भांड्यातील पाणी पिण्याची परंपरा जुनी असल्यामुळे तो पटण्याजोगाही वाटतो. परंतु साध्या पाण्यात आम्ल जवळजवळ नसते आणि सोलकढी मात्र मुळातच आंबट असते. गोव्यात आपण ज्यांना सोलां म्हणतो, त्या कोकमाच्या सुकवलेल्या सालींतील आम्ल तांबे थोडे थोडे विरघळवते, आणि असे तांबे अधिक प्रमाणात पोटात गेल्यास मळमळ, उलटी व पोटदुखी होऊ शकते.

याची खात्री घरीच करता येते. काळवंडलेल्या तांब्यावर भिजवलेले सोल चोळून पाहावे: ते लागते तेवढाच भाग लख्ख होतो, कारण वरचा थर आम्लात उतरलेला असतो. देवघरातील समया चिंचेने उजळतात, त्यामागेही हेच कारण आहे.

पितळेतही तांबे असतेच. म्हणून अशा भांड्यांना आतून कल्हई, म्हणजे कथिलाचा मुलामा, करण्याची रीत पडली, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. आतली बाजू रुपेरी असेल तर कल्हई शाबूत आहे; पिवळी किंवा तांबूस झाक दिसू लागली तर ती झिजली आहे. मेज मांडताना तांब्याचा पेला पाण्यासाठी अवश्य ठेवावा. सोलकढी काचेच्या किंवा स्टीलच्या पेल्यात द्यावी.