ग्रंथालय व माहितीशास्त्रात पीएच.डी. : अर्जाआधी काय बघायचं, कोणती कागदपत्रं लागतात

‘पेट’ची, म्हणजे विद्यापीठाच्या पीएच.डी. प्रवेश परीक्षेची जाहिरात आली की नोकरीतले ग्रंथपाल अर्ज भरतात, अभ्यासाला लागतात आणि पास झाल्यावर मार्गदर्शक शोधायला निघतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की हा क्रम उलटा करा. आपल्या विषयात परीक्षेपेक्षा जागा मिळणं अवघड आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ७ नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे फक्त ४ संशोधक असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल, तर त्या मार्गदर्शकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. ग्रंथालयशास्त्राचे विभाग मुळातच लहान. त्यामुळे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आधी मान्यताप्राप्त मार्गदर्शकांची यादी आणि रिकाम्या जागांचा तक्ता बघा, दोघातिघांना भेटून या, मगच अर्जाचं शुल्क भरा.

पात्रतेसाठी साधारणपणे एम.लिब.चे, म्हणजे ग्रंथालयशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीचे गुण धरतात. खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. एम.ए.ला ६५ टक्के आणि एम.लिब.ला ५३ अशी गुणपत्रिका घेऊन आलेले लोक मी पाहिलेत, तिथे एम.ए.चा उपयोग होत नाही. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.ला जाण्याची सोयही नियमात आहे, पण आपल्याकडे बी.लिब. हीच मुळी पदवीनंतर करायची असल्यामुळे ती फारशी कोणाच्या कामी येत नाही.

प्रवेशाचे रस्ते दोन. विद्यापीठाच्या पेटमध्ये निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. मुलाखतीला जायला ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ४५. पुढे परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के भारांक. दुसरा रस्ता नेटचा, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा. आपल्या विषयाचा संकेतांक ५९. जून २०२४ पासून नेटच्या निकालात ‘फक्त पीएच.डी. प्रवेश’ असा वेगळा गट आला आहे, पण प्रवेशासाठी तो निकाल एकच वर्ष चालतो. सेट (राज्य पात्रता परीक्षा) झालेल्यांना पेटमधून सूट आहे का, हे त्या त्या विद्यापीठाच्या परिपत्रकात बघावं लागतं.

आता नोकरी करणाऱ्यांसाठी सर्वांत नाजूक कागद, ना हरकत प्रमाणपत्र. अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे, पण या पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात : उमेदवाराला अर्धवेळ संशोधनाची परवानगी आहे, त्याच्या कामाचं स्वरूप संशोधनाला पुरेसा वेळ देऊ शकेल असं आहे, आणि गरज पडल्यास कोर्सवर्क (प्रवेशानंतरचा सक्तीचा अभ्यासक्रम) पूर्ण करण्यासाठी त्याला कामातून मोकळं केलं जाईल. माझ्या पहिल्या पत्रात एकच ओळ होती, ‘सदर कर्मचाऱ्याने पीएच.डी. करण्यास संस्थेची हरकत नाही.’ ते परत आलं. संस्थेची पुढची सभा दोन महिन्यांनी होती आणि तोवर मुदत टळून गेली. तेव्हापासून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते : तिन्ही वाक्यं असलेला मसुदा स्वतः टाइप करून कार्यालयात द्या, सही-शिक्का आणि जावक क्रमांक त्याच दिवशी घ्या. तिसरं वाक्य लिहायला संस्था कचरतात, कारण ग्रंथपाल बहुधा एकटाच असतो आणि त्याच्यामागे देवघेव कोण बघणार, हा प्रश्न खरा असतो. सुट्टीतल्या कोर्सवर्कचं वेळापत्रक सोबत जोडलं की बोलणं सोपं जातं.

बाकीचे कागद ओळखीचेच : बी.लिब., एम.लिब.च्या गुणपत्रिका व पदवी प्रमाणपत्रं, पेट किंवा नेटचा निकाल, आधार, जातीचा दाखला आणि जात वैधता. विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन, शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. गुण श्रेणीत असतील तर टक्केवारीत रूपांतराचं पत्र आधीच काढा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, ती तारीख तपासा. आणि बायकांनी नावाकडे लक्ष द्यायलाच हवं. बी.लिब. माहेरच्या नावानं, एम.लिब. सासरच्या नावानं असेल तर विवाह नोंदणी दाखला, आणि नाव रीतसर बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा.

मग राहतो संशोधन आराखडा. ‘अमुक जिल्ह्यातील महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या सेवा : एक अभ्यास’ हा विषय जिल्ह्याचं नाव बदलून किती वेळा झालाय, ते शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर तासभर बसून बघा. तुमच्या टेबलावर याहून चांगले विषय पडलेले आहेत. एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ई-साहित्य योजनेतली ई-पुस्तकं तुमचे विद्यार्थी खरंच उघडतात का? कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत नोंदी नेताना जुन्या दाखल नोंदवहीतलं काय हरवलं? १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली चालणाऱ्या ‘क’ वर्गाच्या वाचनालयात जुन्या मराठी नियतकालिकांचे अंक कोणत्या अवस्थेत आहेत? समितीपुढे सादरीकरणात असं काही मांडलं की समोरचे सावरून बसतात.

प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचं (क्रेडिटचं) कोर्सवर्क असतं. त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता हा विषय सक्तीचा आणि उत्तीर्ण व्हायला ५५ टक्के लागतात. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. कालावधी किमान ३, कमाल ६ वर्षं. पुनर्नोंदणीनं आणखी २. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर २, म्हणजे एकूण १० वर्षं मिळू शकतात. शिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. घर, नोकरी सांभाळणाऱ्या मैत्रिणींनो, ही तरतूद हक्काची आहे, अर्ज करून घ्या.