भुईमूग

भुईमूग हे शिंबावंत कुलातील वर्षायू गळिताचे पीक असून त्याचे शास्त्रीय नाव अ‍ॅरॅकिस हायपोजिया असे आहे. दक्षिण बोलिव्हिया व वायव्य अर्जेंटिना हे त्याचे मूलस्थान मानले जाते. भारतातील उत्पादनात गुजरात अग्रेसर आहे. महाराष्ट्रात हे पीक खरिपात पावसावर आणि उन्हाळ्यात ओलिताखाली घेतात. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राची टीएजी-२४ व जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राची जेएल-२४ (फुले प्रगती) हे येथील परिचित उपटे, म्हणजे न पसरता उभे वाढणारे, वाण होत.

पिवळे फूल जमिनीच्या वर उमलते; मात्र फलनानंतर बीजांडकोशाच्या बुडाशी फुटलेली आरी खाली वळून मातीत शिरते व तिच्या टोकाला अंधारातच शेंग पोसते. लागवडीची बहुतेक कामे या एका गोष्टीभोवती फिरतात. आऱ्यांना सहज शिरता यावे म्हणून जमीन भुसभुशीत व निचऱ्याची लागते. भारी काळ्या जमिनीत काढणीच्या वेळी माती आवळली, तर झाड उपटताना शेंगा तुटून आतच राहतात. आऱ्या मातीत शिरल्या की कोळपणी, म्हणजे ओळींमधली माती ढिली करून तण काढणे, थांबवतात, आणि उपट्या वाणांत त्या अधिक संख्येने टेकाव्यात म्हणून अनेक शेतकरी पिकावरून रिकामे पिंप फिरवतात. वाढणारी शेंग तिला लागणारा चुना (कॅल्शियम) मुळांकडून न घेता भोवतालच्या मातीतून थेट घेत असल्याने फुलोऱ्याच्या सुमारास झाडांच्या बुडाशी जिप्सम हे चुनायुक्त खनिज देतात. तो कमी पडल्यास शेंगा पोचट राहतात. पीक तयार झाले की नाही, हे पानांवरून नेमके कळत नाही. त्यासाठी एक-दोन झाडे उपटून शेंग फोडून पाहतात. टरफलाची आतली बाजू काळपट झाली असेल, तर काढणीस हरकत नसते.

काढणीनंतरच्या वाळवणीकडे मात्र हवे तितके लक्ष दिले जात नाही. ओलावा ८ ते ९ टक्क्यांवर येण्याआधीच शेंगा पोत्यांत भरल्या, तर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढून यकृताला घातक असे अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीच्या तपासणीतून या विषाचा शोध लागला. युरोपीय देश त्याबाबत कडक मर्यादा पाळतात, त्यामुळे निर्यातीचा माल यावरून नाकारला जातो.

बाजारात शेंगांचा भाव उताऱ्यावर, म्हणजे फोडल्यावर वजनाने किती दाणे मिळतात त्यावर ठरतो. निर्यातीत ‘बोल्ड’ (मोठा, लांबट दाणा) व ‘जावा’ (लहान, गोलसर दाणा) अशा प्रती असून एका औंसात मावणाऱ्या दाण्यांच्या संख्येवरून आकार सांगतात. ४०-५० हा मोठा दाणा.

दाण्यात सुमारे ४८ टक्के तेल व २५ टक्के प्रथिने असतात. मराठी स्वयंपाकात तेलाइतकेच कुटाला महत्त्व आहे: साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी आणि उपवासाची दाण्याची आमटी त्याशिवाय होत नाहीत. सोलापूरची लसूण व तिखट घालून कुटलेली चटणी तेल सुटेपर्यंत कुटावी लागते. घाण्यावर उरलेली पेंड दुभत्या जनावरांना, तर शेंगा तोडल्यावरचा पाला बैलांना घालतात.