पदवी तालुक्यात, विद्यापीठ दूर : विदर्भातल्या कला-विज्ञान महाविद्यालयांची पार्श्वभूमी

विदर्भातल्या संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण 2024-25पासून लागू झाले. तेव्हापासून पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेताना मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या विद्याशाखेतला विषयही निवडावा लागतो. बी.एस्सी.ची मुलगी अर्थशास्त्र घेऊ शकते, बी.ए.चा मुलगा पर्यावरणशास्त्र. कल्पना चांगलीच आहे. पण तालुक्याच्या महाविद्यालयात शाखाच एक असेल, आणि ग्रामीण विदर्भात ती बहुधा कला शाखा असते, तर दुसरा विषय शिकवणार कोण? ही अडचण धोरणाने निर्माण केलेली नाही. तिचे मूळ शोधायला एकोणिसाव्या शतकात जावे लागते.

कला आणि विज्ञान एकत्र शिकवणारे महाविद्यालय विद्यापीठाच्या आतच असावे, ही पद्धत जगात अनेक ठिकाणी रुजली. अमेरिकेत मिशिगनच्या सरकारी विद्यापीठात असे महाविद्यालय 1841पासून आहे. नेदरलँड्समध्ये उट्रेख्ट विद्यापीठाने 1998 साली त्या देशातले पहिले ‘युनिव्हर्सिटी कॉलेज’ काढले. अशा ठिकाणी जो प्राध्यापक संशोधन करतो, तोच पहिल्या वर्षाच्या वर्गावर येतो. आपल्याकडे मात्र 1857 साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभी राहिली. त्यांचे काम अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे आणि पदवी देणे. शिकवायचे कॉलेजांनी. ज्ञान तयार होण्याची जागा आणि ते मुलांपर्यंत पोहोचण्याची जागा यांची फारकत तिथेच झाली.

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज 1883चे, मॉरिस कॉलेज 1885चे. आधी कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी ती जोडलेली होती, म्हणजे नागपुरात शिकलेल्या मुलाला पदवी मिळायची ती शेकडो मैलांवरून. 4 ऑगस्ट 1923 रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्याकडे सहा महाविद्यालये आणि 927 विद्यार्थी होते. त्याच वर्षी अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. आजची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था ती हीच. वऱ्हाडातल्या मुलांना घराजवळ उच्च शिक्षणाची सोय झाली ती अशी. पुढे कामठीचे डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने सुमारे 35 लाख रुपये विद्यापीठाला दिले आणि त्यातून 1942 साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. त्या काळात एवढे दान देणाऱ्या माणसाचे नाव विदर्भाने कृतज्ञतेने घ्यावे, आणि घेतलेही. पण प्रयोगशाळा आणि संशोधन नागपूरच्या आवारात वाढत गेले. खेड्यांच्या वाट्याला आली ती संलग्नता.

खेड्यातल्या मुलाचा खरा विचार केला तो डॉ. पंजाबराव देशमुखांनी. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा. वेदवाङ्मयातल्या धर्मकल्पनेवर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन परतला, आणि 1932 साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढून बसला. वेदाचा अभ्यासक पुढे देशाचा कृषिमंत्री होतो, यात कुणाला विसंगती दिसली नाही. मला तर पंजाबरावांचे हे आयुष्यच कला आणि विज्ञान एकत्र शिकण्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा वाटते.

त्यांच्या अमरावतीत एक प्रयोग झाला, त्याचा आज फारसा उल्लेख होत नाही. विद्यापीठीय शिक्षणासाठी नेमलेल्या राधाकृष्णन आयोगाने 1949च्या अहवालात ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली होती. त्यानुसार 1956 साली देशभरात निवडक ठिकाणी ग्रामीण उच्चशिक्षण संस्था सुरू झाल्या आणि त्यांत अमरावतीचे शिवाजी लोक विद्यापीठ होते. तिथला ग्रामसेवा पदविकेचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. भाषा, समाजशास्त्र, अर्थकारण यांच्यासोबत गावात जाऊन करायचे काम हा अभ्यासाचाच भाग होता. पण नोकरीच्या जाहिरातीत विचारली जायची बी.ए. किंवा बी.एस्सी. अशा संस्थांपैकी बहुतेक पुढे नेहमीच्या पदव्यांकडेच वळल्या. पालकांना दोष देता येत नाही. कोरडवाहू शेतीवर मुलाला शिकवणारा बाप चालणारे नाणेच मागणार.

त्यानंतर तालुक्यातालुक्यांत महाविद्यालये निघाली. वरोऱ्याला आनंदवनात 1964 साली आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले. ज्यांना गावाने बाहेर काढले, त्या कुष्ठमुक्त माणसांनी स्वतःच्या श्रमाने गावाच्या मुलांसाठी इमारत बांधली. विदर्भाच्या शिक्षणाच्या इतिहासात याहून मोठी घटना मला ठाऊक नाही. इतर ठिकाणी मात्र हिशेब पैशांचा होता. कला शाखेला खोल्या, बाके, फळा आणि प्राध्यापक एवढे पुरते. विज्ञानाला गॅसजोडणी, पाणी, सूक्ष्मदर्शक, रसायने, प्रयोगशाळा सहायक हे सगळे लागते, आणि रसायने दरवर्षी संपतात. म्हणून आधी कला, जमल्यास वाणिज्य आणि संस्थाचालकांचे वजन असेल तर विज्ञान, असा क्रम पडला. तरी याच साध्या वर्गांतून घरातली पहिली पदवीधर पिढी बाहेर पडली. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठीची ई.बी.सी. सवलत आणि ‘जीओआय’ म्हणून ओळखली जाणारी भारत सरकारची शिष्यवृत्ती यांनी हजारो दलित, आदिवासी आणि कुणबी मुलांची फी भरली.

विद्यापीठ जवळ आणण्याचे प्रयत्नही झाले. 1 मे 1983 रोजी अमरावती विद्यापीठ वेगळे झाले, 2011 साली चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ आले. गुणपत्रिकेतल्या चुकीसाठी नागपूरला खेटे घालायचे थांबले, ही सोय लहान नाही. अर्थात सिरोंच्याहून गडचिरोली आजही दोनशे किलोमीटरहून दूर आहे. पण ज्या 1983 साली अमरावतीला विद्यापीठ मिळाले, त्याच सुमारास राज्यात विनाअनुदानित संस्थांचे धोरण सुरू झाले. त्यानंतर कॉलेजे वाढली, मंजूर पदे त्या प्रमाणात वाढली नाहीत आणि तासिका तत्त्वावरचा, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरते मानधन घेणारा प्राध्यापक ही कायमची व्यवस्था होऊन बसली.

विद्यापीठाचे स्वतःचे महाविद्यालय, ही कल्पना ग्रामीण विदर्भात आली ती अकराव्या पंचवार्षिक योजनेत. उच्च शिक्षणात मागे असलेले 374 जिल्हे केंद्राने निवडले आणि तिथे आदर्श पदवी महाविद्यालये काढायचे ठरवले. बुलडाण्याला अमरावती विद्यापीठाचे आणि गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठाचे असे महाविद्यालय उभे राहिले. आकाराने लहान असली तरी रचनेच्या दृष्टीने ही महत्त्वाची आहेत, कारण इथे संस्थाचालक आणि विद्यापीठ वेगळे नाहीत. विद्यापीठाच्या विभागातला संशोधक पदवीच्या वर्गावर पाठवायला मध्ये कुणाची परवानगी लागत नाही.

विषय एकत्र का शिकवायचे, हे गडचिरोलीत वेगळे पटवावे लागत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 साली बांबूविक्रीचा अधिकार प्रत्यक्षात आला. त्याआधी कित्येक वर्षे गावाचा अभ्यासगट बसत होता. वनहक्क कायद्याचे कलम, बांबू किती कापला तर रान टिकेल, विक्रीचा हिशेब, ग्रामसभेचा ठराव मराठीत कसा लिहायचा, हे सगळे तिथे एकाच बैठकीत चर्चेला येत असे. महाविद्यालयात याच गोष्टी राज्यशास्त्र, वनस्पतिशास्त्र, वाणिज्य आणि मराठी अशा चार विभागांत वाटल्या जातात आणि बरेचदा त्यांचे तास एकाच वेळी लागतात.

वेळापत्रकाचा प्रश्न ग्रामीण भागात एसटीशी बांधलेला असतो. सकाळच्या गाडीने आलेल्या मुली दुपारच्या गाडीने परततात, कारण त्यानंतरची गाडी संध्याकाळची. बारावीपर्यंत मुलींचा एसटी प्रवास मोफत आहे, पदवीला गेल्यावर पासाचे पैसे भरावे लागतात. दुसऱ्या शाखेचा तास दुपारी तीनला ठेवला की या मुली गळतात. पूर्वेकडे धानाच्या रोवणीच्या दिवसांत आणि वऱ्हाडात कापूस वेचणीला हजेरी उतरते, आणि हिवाळी परीक्षा नेमकी त्याच्या मागोमाग येते.

2024-25ला प्रवेश घेतलेली तुकडी 2027-28 मध्ये नव्या धोरणातल्या ऐच्छिक चौथ्या वर्षाला पोहोचेल. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा अधिक गुण असतील तर तिथे संशोधनासह ऑनर्सची पदवी घेता येते, पण त्यासाठी मार्गदर्शक आणि चालू स्थितीतली प्रयोगशाळा लागते. तालुक्याच्या महाविद्यालयांना विद्यापीठाचे विभाग आपले मार्गदर्शक देणार का, की चौथे वर्ष करायला मुलांनी पुन्हा नागपूर-अमरावतीची वाट धरायची, हे नागपूर, अमरावती आणि गोंडवाना या तीन विद्यापीठांनी त्याआधी ठरवायला हवे.