पार्श्वभूमी : जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या बिघाडाचा माग

जुनी ऑटोमॅटिक मोटार गिअर उशिरा बदलते, बदलताना झटका देते, किंवा वरचा गिअर पडण्याच्या क्षणी इंजिनाचे फेरे वाढतात पण गाडी वेग घेत नाही. तक्रार सारखीच असली, तरी तिचे मूळ कोठे शोधायचे हे तो गिअरबॉक्स कोणत्या काळातला आहे यावर ठरते. गिअर बदलण्याची वेळ पूर्वी तेलाच्या दाबाने ठरत असे. पुढे ते काम विजेवरच्या नियंत्रणाकडे गेले, आणि निदानाच्या पद्धतीही त्याच्या मागोमाग बदलल्या.

तेलाच्या माध्यमातून शक्ती पोहोचवण्याची युक्ती मुळात मोटारीसाठी नव्हतीच. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले, ते जहाजांसाठी. मोटारीत तिचा मोठ्या प्रमाणावर वापर जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिकने केला. १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आलेल्या या गिअरबॉक्सला पुढचे चार गिअर होते, पण टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून शक्ती पुढे देताना तिचा जोरही वाढवणारा भाग) नव्हता, जोर न वाढवता ती नुसती पुढे देणारे साधे फ्लुइड कपलिंग होते. टॉर्क कन्व्हर्टर ब्यूइकच्या डायनाफ्लोमधून १९४८ मध्ये आला, आणि १९५६ मध्ये क्रायस्लरने तीन गिअरचा टॉर्कफ्लाइट आणल्यानंतर टॉर्क कन्व्हर्टर आणि तीन गिअर ही मांडणी बरीच वर्षे प्रचलित राहिली.

या गिअरबॉक्समध्ये दोन दाब एकमेकांविरुद्ध काम करतात. मागच्या शाफ्टबरोबर फिरणारा गव्हर्नर गाडीच्या वेगाप्रमाणे वाढणारा दाब देतो, तर ॲक्सिलरेटर किती दाबला आहे किंवा इंजिनावर किती भार आहे यानुसार दुसरा दाब तयार होतो. पहिला दुसऱ्यावर मात करतो तेव्हा व्हॉल्व्ह सरकतो आणि वरचा गिअर पडतो. हे तत्त्व समजले की लक्षणे बरीचशी आपोआप उलगडतात. गाडी पहिल्या गिअरमधून पुढे जातच नसेल, तर अडकलेल्या गव्हर्नरचा संशय आधी घ्यावा. गिअर उशिरा आणि कडक पडत असतील व धुराड्यातून पांढरा धूरही येत असेल, तर व्हॅक्यूम मॉड्युलेटरचा, म्हणजे इंजिनातल्या निर्वातावरून भाराचा दाब ठरवणाऱ्या भागाचा, पडदा फाटून गिअरबॉक्सचे तेल इंजिनात ओढले जात असण्याची शक्यता मोठी असते. १९८२ मध्ये आलेल्या जनरल मोटर्सच्या ७००आर४ मध्ये हाच भाराचा दाब कार्ब्युरेटरपासून येणाऱ्या केबलवर अवलंबून होता, आणि ती केबल सैल राहिल्यास क्लच (तेलाच्या दाबाने आवळून गिअर गुंतवणारे प्लेटांचे संच) पुरेसे दाबले न जाता जळत. एवढ्या साध्या जोडणीवर अख्ख्या गिअरबॉक्सचे आयुष्य टांगणे ही रचनेतलीच कच्ची बाजू म्हणावी लागेल.

तेलाचा इतिहासही निदानात डोकावतो. जनरल मोटर्सच्या सुरुवातीच्या डेक्सरॉन या गिअरबॉक्सच्या तेलात घर्षणाचा गुण साधण्यासाठी स्पर्म व्हेलची चरबी वापरली जाई; अमेरिकेत या देवमाशाला कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर तिला पर्याय शोधावे लागले. फोर्डच्या टाइप एफ तेलाचे घर्षणगुण डेक्सरॉनपेक्षा वेगळे होते. म्हणून तेलाची पातळी, रंग आणि जळका वास पाहण्याबरोबरच आत नेमके कोणते तेल आहे हेही विचारावे लागते. पातळी बहुधा तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून आणि गिअर पार्कमध्ये ठेवून पाहतात, पण क्रायस्लरच्या कित्येक जुन्या गिअरबॉक्समध्ये ती न्यूट्रलमध्ये पाहावी लागते.

१९८९ मध्ये क्रायस्लरच्याच अल्ट्राड्राइव्हने गिअरबदल पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखाली आणला. बिघाड आढळला की हा गिअरबॉक्स दुसऱ्याच गिअरमध्ये अडकून राही, म्हणजे गाडी घरापर्यंत पोहोचेल पण धावणार नाही, अशी तजवीज होती. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ओबीडी-२ (बिघाड ओळखून नोंदवणारी गाडीतलीच प्रणाली) बंधनकारक झाले आणि बिघाडाचे सांकेतिक क्रमांक सर्रास वाचता येऊ लागले. त्यांवर विसंबणे मात्र महागात पडते. पी ०७३० हा क्रमांक गिअरचे गुणोत्तर अपेक्षेप्रमाणे नाही एवढेच कळवतो. ते सोलेनॉइडमुळे (तेलाचा मार्ग उघडणारा-मिटणारा विजेवरचा व्हॉल्व्ह), झिजलेल्या क्लचमुळे की कमी पडलेल्या तेलामुळे, हे तपासणाऱ्यालाच शोधावे लागते.

या शोधात जुन्या कारागिरांची रीत आजही सर्वांत भरवशाची आहे : कोणत्या गिअरमध्ये कोणता क्लच आणि कोणता बँड (ड्रमभोवती आवळून त्याला थांबवणारा पट्टा) गुंततो याचा तक्ता समोर ठेवायचा. टॉर्कफ्लाइटमध्ये पुढचा क्लच फक्त तिसऱ्या गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये गुंततो. त्यामुळे हे दोन्ही स्लिप होत असतील आणि पहिला-दुसरा ठणठणीत असतील, तर संशय त्याच क्लचवर जातो. फक्त रिव्हर्स बिघडला असेल आणि लिव्हर १ वर ठेवूनही इंजिनाचा ब्रेक लागत नसेल, तर मागच्या बँडकडे पाहावे. नंतर दाबमापक लावतात. दाब सगळ्याच गिअरमध्ये कमी भरला, तर फिल्टर, पंप किंवा दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह तपासतात. एकाच गिअरमध्ये घसरला, तर त्या गिअरच्या मार्गातले सील गळत असण्याचा संभव असतो. दाब पुरेसा असूनही गिअर स्लिप होत असेल, तर क्लचच्या प्लेटाच झिजलेल्या असतात आणि गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.